वॉशिंग्टन हे आडनाव आलं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग्टन म्हटलं की आपल्याला आधी शहर आठवतं, मग एक डॉलरच्या नोटेवरचा चेहरा. पण शहर वसायच्या आधी सहाशे वर्षं हे एक आडनाव होतं, आणि आडनाव व्हायच्या आधी उत्तर इंग्लंडमधलं एक गाव. त्याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'वॉशिंग्टन'चा अर्थ काय? धुण्याशी काही संबंध?

काहीच नाही. नाव जुन्या इंग्रजीतलं आहे आणि त्याचे तीन तुकडे पडतात. 'वास्सा' हे माणसाचं नाव. मधला 'इंग' म्हणजे त्याची माणसं, त्याचं गणगोत. शेवटचा 'टन' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, वाडी. एकूण अर्थ 'वास्साच्या लोकांची वाडी'. वास्सा हा कुणी अँग्लो-सॅक्सन गृहस्थ, आणि या नावापलीकडे त्याची काही खूण उरलेली नाही. इंग्रजी नावांतला हा 'टन' एकदा ओळखीचा झाला की सगळीकडे दिसायला लागतो. न्यूटन म्हणजे शब्दशः नवेगाव. सफरचंदाच्या झाडाखाली आपले नवेगावकरच बसले होते म्हणायचे.

२. म्हणजे आपल्या 'कर' आडनावांसारखंच झालं की!

बरंचसं, पण एक फरक आहे. आपल्याकडे माणूस गाव सोडतो, दुसरीकडे जाऊन राहतो, आणि तिथले लोक त्याला मूळ गावावरून ओळखतात. चिपळुणात सगळेच चिपळूणकर, तेव्हा तिथे त्या नावाने कुणाची ओळख पटणार नाही. इंग्लंडमध्येही अशी परक्याला चिकटलेली आडनावं पुष्कळ आहेत. पण १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर जमीनदार वर्गात उलट रीत पडली. ज्याच्या हातात गाव, त्याने गावाचं नाव लावायचं, आणि तेही त्याच गावात बसून. नावामागे 'द' लावत, म्हणजे 'अमुक गावचा'. वॉशिंग्टन हे या दुसऱ्या प्रकारातलं, मालकीतून आलेलं आडनाव आहे. हे लक्षात ठेवा, कारण सहाशे वर्षांनी, प्रश्न १२ मध्ये, मालकीचा मुद्दा फार वेगळ्या तऱ्हेने परत येतो.

३. पहिला वॉशिंग्टन कोण?

विल्यम नावाचा एक सरदार. गंमत म्हणजे त्याचं आधीचं नाव वेगळंच होतं: विल्यम द हर्टबर्न. हर्टबर्न हे टीझ नदीकडचं गाव त्याच्याकडे होतं. ते त्याने डरहॅमच्या बिशपला दिलं आणि बदल्यात विअर नदीजवळचं वॉशिंग्टन घेतलं. गाव बदललं तसं नावही बदललं.

याची नोंद ११८३ च्या 'बोल्डन बुक'मध्ये आहे. डरहॅमच्या बिशपने आपल्या मुलखाची जी जमाबंदी करून घेतली, तिचं हे दप्तर. त्यात विल्यमने काय द्यायचं तेही लिहिलंय: वर्षाला चार पौंड, आणि बिशप मोठ्या शिकारीला निघाला की चार शिकारी कुत्री घेऊन हजर राहायचं. चर्च आणि चर्चची जमीन मात्र बिशपने व्यवहारातून वगळली. म्हणजे गावांची ती अदलाबदल झाली नसती, तर अमेरिकेची राजधानी आज हर्टबर्न म्हणून ओळखली गेली असती.

४. जुन्या कागदांत 'वेसिंग्टन' दिसतं. ते वेगळं घराणं का?

नाही, तेच. त्या काळी लिहिणारा कानाला लागेल तसं लिही. वेसिंग्टन, वॉसिंग्टन, वेशिंग्टन अशी रूपं सापडतात. डरहॅमच्या मठाचा १४१६ ते १४४६ या काळातला मठाधिपती जॉन वेसिंग्टन याचं आडनावही हेच. मध्ययुग सरता सरता नावामागचा 'द' गळून पडला.

५. त्या मूळ गावात आता काय आहे? वॉशिंग्टन मंडळी तिथे राहतात का?

घराण्याची थोरली पाती १४०० च्या आसपास मुलगा नसल्याने खुंटली, आणि वाडा लेकीच्या लग्नातून दुसऱ्या घराण्यात गेला. आजचा 'ओल्ड हॉल' बराचसा सतराव्या शतकातला आहे, जुन्या वाड्याच्या पायावर उभा राहिलेला. नंतर त्याची चाळ झाली, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. १९३० च्या दशकात तो राहण्यालायक नाही असं ठरलं आणि पडायचीच वेळ आली, तेव्हा गावातल्याच लोकांनी समिती करून तो वाचवला. १९५५ मध्ये अमेरिकेच्या राजदूताच्या हस्ते तो खुला झाला. आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

गाव मात्र गाव राहिलेलं नाही. १९६४ मध्ये तिथे सरकारी 'नवं शहर' वसवायचं ठरलं, आणि १९७४ पासून ते डरहॅम परगण्यातूनही निघालं. आता ते संडरलंडच्या हद्दीत मोडतं.

६. घराणं डरहॅमचं, मग नॉर्थॅम्प्टनशरमधल्या सलग्रेव्हला 'वॉशिंग्टनचं मूळ घर' का म्हणतात?

कारण जॉर्ज वॉशिंग्टनची शाखा तिथून गेली. धाकट्या पात्या आधीच बाहेर पडल्या होत्या. त्यांतली एक लँकेशरमध्ये वॉर्टनला स्थिरावली. तिथल्या चर्चमध्ये घराण्याचं चिन्ह कोरलेला दगड आहे, आणि ४ जुलैला त्या चर्चवर अमेरिकेचा झेंडा लागतो.

वॉर्टनचा लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात शिरला. त्याचं आजोळ बडं होतं, मामा लंडनचा मोठा व्यापारी. लॉरेन्सने नॉर्थॅम्प्टनमध्ये बस्तान बसवलं आणि दोनदा शहराचा महापौर झाला. त्याच सुमारास आठवा हेन्री मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढत होता. १५३९ मध्ये लॉरेन्सने मठाची सलग्रेव्हची जमीन ३२४ पौंड, १४ शिलिंग, १० पेन्सला विकत घेतली आणि तिथे घर बांधलं. पूर्वज सरदार, पण हे घर सरदारकीचं नव्हे, लोकरीच्या पैशाचं. साठ-सत्तर वर्षांत तो पैसाही आटला आणि नातवंडांच्या काळात सलग्रेव्ह विकावं लागलं. १९१४ मध्ये वर्गणी काढून ते पुन्हा विकत घेतलं गेलं, आणि १९२१ पासून ते लोकांना पाहता येतं.

७. अमेरिकेचा झेंडा म्हणजे वॉशिंग्टन घराण्याचं चिन्ह, हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. घराण्याची ढाल अशी: पांढरी जमीन, तिच्यावर दोन आडवे तांबडे पट्टे आणि वर ओळीने तीन तांबड्या चांदण्या. घोडेस्वाराच्या बुटामागे जी काटेरी चकती असते, तीच या चांदणीत पाहतात. यॉर्कशरमधल्या सेल्बीच्या मठात चौदाव्या शतकातल्या रंगीत काचेवर ही ढाल आहे, आणि सलग्रेव्हच्या दारावरही.

पट्टे आणि चांदण्या दोन्हीकडे आहेत, म्हणून गोष्ट चटकन पटते. पण १७७७ मध्ये झेंडा ठरला तेव्हा या चिन्हाचा विचार झाला होता, असं दाखवणारा एकही कागद नाही. तेरा पट्टे आणि तेरा चांदण्या या तेरा वसाहतींच्या. माझ्या मते ही गोष्ट आता सोडून द्यावी.

खरा वापर दुसरीकडे आहे. राजधानी वॉशिंग्टन डीसीचा १९३८ पासूनचा झेंडा म्हणजे हीच ढाल, पट्ट्या-चांदण्यांसकट. युद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांना 'पर्पल हार्ट' पदक देतात, त्याच्या माथ्यावरही ती आहे.

८. अमेरिकेत हे आडनाव कुणी आणि कसं नेलं?

जॉन वॉशिंग्टनने, आणि तेही जहाज अडकलं म्हणून. पण आधी त्याच्या वडिलांची हकिगत.

वडील लॉरेन्स (या घराण्यात दर पिढीत एक लॉरेन्स निघतो, घोटाळा होऊ देऊ नका) ऑक्सफर्डचे विद्वान आणि एसेक्समधल्या पर्ले गावचे पाद्री. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं, त्यात घराणं राजाच्या बाजूचं. याच कुळातल्या हेन्री वॉशिंग्टनने १६४६ मध्ये राजासाठी वुस्टर शहर लढवलं. पार्लमेंटच्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचाराच्या, लोकांनी १६४३ मध्ये पर्लेच्या पाद्रीबुवांना पदावरून काढलं. आरोप असा की हे दारूच्या गुत्त्यात पडलेले असतात. शेजारपाजारचे त्यांना सज्जन आणि नेमस्त म्हणत, पण उपयोग झाला नाही. म्हणजे राजाविरुद्ध उठणाऱ्या जॉर्जचे खापरपणजोबा राजनिष्ठ म्हणून पोटाला मुकले होते.

मुलाला, जॉनला, घरी काही उरलं नाही. तो व्यापारी जहाजावर लागला. 'सी हॉर्स' हे जहाज व्हर्जिनियात तंबाखू भरून १६५७ च्या सुरुवातीला परत निघालं आणि पोटोमॅक नदीत रुतलं. दुरुस्ती होईपर्यंत जॉनचं तिथे मन रमलं. नथॅनिएल पोप नावाच्या जमीनदाराशी ओळख झाली, त्याची मुलगी अ‍ॅन हिच्याशी लग्न ठरलं. जहाजाचा मालक प्रेस्कॉट मात्र हिशेब मिटवेना, उलट जॉनकडूनच येणं लागतं म्हणाला. तेव्हा भावी सासऱ्याने बीव्हरच्या कातड्यांत रक्कम भागवायची तयारी दाखवली.

या प्रेस्कॉटशी त्याचं पुन्हा एकदा वाजलं, आणि त्यातला एक तपशील मला फार आवडतो. प्रेस्कॉटच्या जहाजावर एका बाईला चेटकीण ठरवून समुद्रातच फाशी दिलं गेलं. जॉनने त्याच्याविरुद्ध तक्रार गुदरली. मेरीलंडच्या कोर्टाने साक्षीची तारीख दिली, १६५९ च्या ऑक्टोबरातली. जॉनने कळवलं, येता येणार नाही, त्याच दिवसांत मुलाचा बाप्तिस्मा आहे आणि पाहुण्यांना आमंत्रणं गेली आहेत. थोडक्यात, घरी बारसं आहे! साक्षीदार नाही म्हणून प्रेस्कॉट सुटला. बारसं झालं त्या बाळाचं नाव, अर्थात, लॉरेन्स. हा जॉर्ज वॉशिंग्टनचा आजोबा.

९. जॉर्ज वॉशिंग्टनला आपल्या कुळाची ही माहिती होती का?

जवळजवळ नव्हती. तो राष्ट्राध्यक्ष असताना इंग्लंडच्या दरबारातले कुलचिन्हांचे मुख्य अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी वंशावळ मागवली. १७९२ मध्ये जॉर्जने उत्तर पाठवलं. या विषयाकडे मी फारसं लक्ष दिलेलं नाही, पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडून आले असं घरात ऐकलंय, पण लँकेशर, यॉर्कशर की त्याहून वरचा परगणा ते नीट आठवत नाही, असा त्याचा आशय होता. आणि त्याने लँकेशरचं नाव घेतलं ते बरोबरच होतं (प्रश्न ६).

घोड्यांच्या अवलादींच्या नोंदी काटेकोर ठेवणारा माणूस स्वतःच्या खापरपणजोबांबद्दल इतका निवांत होता. पर्ले आणि सलग्रेव्हचा दुवा पक्का जुळला तो १८८९ मध्ये, हेन्री वॉटर्स या अमेरिकी संशोधकाने इंग्लंडमधली जुनी मृत्युपत्रं चाळली तेव्हा.

१०. मूळ रहिवाशांनी वॉशिंग्टनला वेगळंच नाव दिलं होतं म्हणतात. ते काय?

'कोनोटोकारियस'. अर्थ: गावं गिळणारा, गावं उद्ध्वस्त करणारा. हे नाव आधी पणजोबा जॉनला मिळालं होतं. पुढे तरुण जॉर्ज ओहायोच्या बाजूला गेला तेव्हा तेच त्याच्याकडे आलं, आणि त्याने पत्रात ते सहीसारखं वापरलंही. १७७९ मध्ये त्याच्या हुकमाने सैन्याने इरोक्वॉय या मूळ रहिवाशांची चाळीसहून जास्त गावं पिकांसकट जाळली. एका गावावरून आडनाव मिळालेल्या घराण्याला परक्या भाषेत मिळालेलं आडनाव हे असं.

११. आज कुणी जॉर्ज वॉशिंग्टनचा थेट वंशज असल्याचं सांगत असेल तर?

विश्वास ठेवू नका. जॉर्जला मूलबाळ नव्हतं. पत्नी मार्थाची पहिल्या लग्नाची मुलं कस्टिस आडनावाची. वॉशिंग्टन नाव पुढे चाललं ते भाऊ-पुतण्यांकडून. जॉर्जचं माउंट व्हर्ननचं घर पुतण्या बुशरॉडकडे गेलं, आणि १८५८ मध्ये घराण्याने ते दोन लाख डॉलरला एका महिला मंडळाला विकलं.

१२. अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाचे बहुतेक लोक कृष्णवर्णीय का असतात?

आकडा खरंच दचकवणारा आहे. २००० च्या जनगणनेत अमेरिकेत या आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसं होती, आणि त्यांतली ९० टक्के कृष्णवर्णीय. मालकाचं नाव गुलामांना लागलं, असं पटकन उत्तर दिलं जातं. ते अपुरं आहे.

गुलामांची आडनावं मालक आपल्या वहीत लिहीत नसत, पण याचा अर्थ ती नव्हती असा नाही. आपापसांत अनेकजण आडनाव लावत, आणि ते पुष्कळदा आताच्या मालकाचं नसे, जुन्या मालकाचं किंवा स्वतः निवडलेलं असे. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा ही नावं उघड झाली, काहींनी नवीन घेतली. (जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती याच मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना.) वॉशिंग्टन हे नाव देशाच्या संस्थापकाचं, देशावर हक्क सांगणारं. ते घेण्यात लाचारी होती असं मला वाटत नाही.

पुढे नावाजलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचंच पाहा. गुलामीत जन्म, सुटका झाल्यावर शाळेत पहिल्यांदा गेले. मास्तर हजेरी घेत होते आणि प्रत्येक मुलाला दोन-दोन, काहींना तीन-तीन नावं! यांच्याकडे एकच, बुकर. पाळी येईपर्यंत पोराने विचार केला आणि नाव विचारल्यावर शांतपणे सांगितलं, 'बुकर वॉशिंग्टन'. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, आडनाव फर्ग्युसन. म्हणजे इथे ना मालक आला, ना रक्त.

१३. म्हणजे माउंट व्हर्ननच्या गुलामांशी या लोकांचा संबंधच नाही?

बहुतेकांचा नाही. १७९९ मध्ये तिथे ३१७ गुलाम होते, त्यांतले १२३ जॉर्जच्या स्वतःच्या मालकीचे. मृत्युपत्राने त्याने यांना मोकळं केलं. एवढ्याशा संख्येतून दीड लाख माणसं निघत नाहीत.

पण एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे: हॅरी वॉशिंग्टन. गॅम्बियाच्या बाजूला जन्मलेला, जॉर्जचा गुलाम. १७७६ मध्ये, मालक स्वातंत्र्यासाठी लढत असताना, हा पळून इंग्रजांना मिळाला. १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून जहाजात बसला तेव्हा इंग्रजांच्या यादीत त्याचं नाव 'हॅरी वॉशिंग्टन' असं पडलं. नोव्हा स्कोशियातून तो १७९२ मध्ये आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. तिथे १८०० मध्ये शेतसाऱ्याविरुद्ध झालेल्या बंडात सापडला आणि हद्दपार झाला. अन्यायी कर भरणार नाही म्हणून उठलेले वॉशिंग्टन इतिहासात दोन आहेत.

१४. इंग्लंडमधला प्रत्येक वॉशिंग्टन डरहॅमच्याच घराण्यातला का?

तसं गृहीत धरू नका. ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं एक गाव आहे, अर्थ तोच, वास्साच्या लोकांची वाडी. तिथून बाहेर पडलेल्या माणसालाही हे नाव लागू शकतं. आपल्याकडे वडगाव कितीतरी, म्हणून सगळे वडगावकर भाऊबंद नव्हेत.

१५. वॉशिंग्टन सुंदरचं काय? आणि गायिका डायना वॉशिंग्टन?

दोन्हीकडे हे आडनाव नाही. अमेरिकेत थोरांची आडनावं मुलांना पहिलं नाव म्हणून द्यायची पद्धत पडली. लेखक वॉशिंग्टन अर्विंग १७८३ चा, त्याचं नाव जनरलवरूनच ठेवलेलं. आपल्या वॉशिंग्टन सुंदरचं मात्र राष्ट्राध्यक्षावरून नाही. त्याच्या वडिलांना क्रिकेट आणि शिक्षणासाठी मदत करणाऱ्या एका निवृत्त लष्करी गृहस्थाचं ते नाव, कृतज्ञता म्हणून मुलाला दिलेलं. २०२४ मध्ये गहुंजेला न्यूझीलंडविरुद्ध त्याने ५९ धावांत ७ बळी घेतले तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो. डायना वॉशिंग्टनचं खरं नाव रूथ जोन्स, वॉशिंग्टन हे रंगमंचावरचं.

१६. आमचे जावई अमेरिकेतले, आडनाव वॉशिंग्टन, कृष्णवर्णीय. नातवाला कुळाची माहिती द्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

इंग्लंडपासून नको, हे आधी सांगतो (कारण प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहे). जावईबापूंच्या आजी-आजोबांपासून मागे मागे जा: जन्ममृत्यूचे दाखले, चर्चची पुस्तकं, लग्नाच्या नोंदी. घरातल्या जुन्या बायबलची पहिली पानं जरूर उघडा. जन्मतारखा बहुधा तिथेच लिहिलेल्या असतात.

१८७० च्या जनगणनेपर्यंत वाट सापडत जाईल. मुक्त झालेल्या सगळ्यांना नावानिशी मोजणारी ती पहिली. त्याच्या मागे, १८५० आणि १८६० ला, गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यांत वय, स्त्री की पुरुष आणि रंग एवढंच असतं. नाव लिहिलेलं असतं ते फक्त मालकाचं. म्हणून १८७० मध्ये कुटुंब ज्या परगण्यात सापडेल तिथल्या मालकांची मृत्युपत्रं आणि इस्टेटीच्या याद्या काढायच्या. गाई-घोड्यांच्या खाली कधीकधी माणसांची पहिली नावं असतात, समोर किंमत. तिथे वॉशिंग्टन शोधू नका. १८७० च्या पानावर आईचं, आजीचं जे पहिलं नाव मिळालं असेल ते शोधा, आणि वय जुळतं का ते पाहा.